बाबांच्या बोटांना विचारा

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं घड्याळदुरुस्ती करतात, अजूनही रोज दुकानात बसतात. गेल्या वर्षी अधूनमधून शौचावाटे रक्त जायचं. मूळव्याध समजून त्यांनी मलम लावलं आणि आम्हाला काही बोलले नाहीत. मग थकवा वाढला, हिमोग्लोबिन ८ निघालं, कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ सापडली. महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, सगळं काढलंय, कडा स्वच्छ आहेत. स्कॅनमध्ये इतरत्र काही नाही. पण रिपोर्टवर 'पीटी ३, एन १बी, १८पैकी २ नोड पॉझिटिव्ह' असं लिहिलंय आणि आता केमो घ्यायची आहे, सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि सोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारलं, तीन महिने द्यायची की सहा? मी आणि दादाने सहा सांगितलं. बाबांसमोर आम्ही कॅन्सर हा शब्द काढलेला नाही. आतड्यात गाठ होती ती काढली, आता ताकदीचं सलाईन लावायचंय, असं सांगितलंय. तेही काही विचारत नाहीत. सगळं काढलंय तर केमो कशाला? आत्या म्हणते, माणूस कॅन्सरने नाही, केमोने जातो. आमचं काही चुकतंय का? आणि आम्हा भावंडांना धोका आहे का? मी ३६, दादा ४१.

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न बरेच आहेत, पण मी अडले ती 'मी आणि दादाने सहा सांगितलं' या ओळीवर. केमोच्या वॉर्डात मी सव्वीस वर्षं काढली. हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की ते कानावर आलं की आपोआप मान वर होते. त्यामागे माया असते, त्याबद्दल शंका नाही. पण तुमच्या बाबांच्या बाबतीत या उत्तराची किंमत बोटांनी चुकवावी लागू शकते आणि ती बोटं घड्याळजीची आहेत. त्याकडे येतेच. आधी हा आजार झाला कसा ते सांगते, कारण 'सगळं काढलंय तर केमो कशाला' याचं उत्तर तिथेच आहे.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याचं अस्तर नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्यात लाखो बारीक विहिरी दिसतात. प्रत्येक विहिरीच्या तळाशी मोजक्या मूळपेशी बसलेल्या असतात. त्या विभागत राहतात, नव्या पेशी भिंतीला धरून वर सरकतात आणि काठावर पोचल्या की गळून पडतात. तळापासून काठापर्यंत जायला चार-पाच दिवस लागतात. गेल्या आठवड्यातलं अस्तर आज आपल्या पोटात नाही, असं म्हटलं तरी चालेल. इतका कारभार रोज चालतो म्हटल्यावर डीएनएची नक्कल उतरवताना कुठेतरी अक्षर चुकणारच. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, उरलेल्यांपैकी बऱ्याच निरुपद्रवी असतात.

चूक एपीसी नावाच्या जनुकात झाली की मात्र गोष्ट बदलते. हे जनुक पेशीला 'पुरे, आता थांब' असं सांगणारं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की ती पेशी वेळेवर गळत नाही, तिथेच आपलं कुटुंब वाढवत बसते. विहिरीच्या तोंडाशी एक छोटा उंचवटा तयार होतो. तोच पॉलिप. बहुतेक पॉलिप आयुष्यभर तसेच राहतात. काहींमध्ये पुढे केआरएएस हे जनुक बिघडतं आणि 'वाढ' हा निरोप थांबेनासा होतो. त्यातल्याही काहींमध्ये शेवटी टीपी५३ जातं. बिघडलेल्या पेशीला 'तू आता मर' असं सांगणारा हा पहारेकरी. तो गेला की पेशी अस्तर ओलांडून खालच्या थरांत उतरते. बिघाड असे एकावर एक रचत जातात, हे एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टीन यांनी १९९० साली मांडलं. पुढे त्यात पुष्कळ भर पडली, वेगळे मार्गही सापडले, पण सांगाडा तोच राहिला. पॉलिपपासून कॅन्सरपर्यंतच्या या प्रवासाला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात.

म्हणजे गेल्या वर्षी बाबांनी मलम लावलं तेव्हा आत जे होतं त्याची सुरुवात त्यांच्या पन्नाशीच्या आगेमागे झाली असणार. कुठल्या एका काळजीने, धक्क्याने किंवा दुकानातल्या अवेळी जेवणाने हे झालेलं नाही. वय, जाडी, बैठं काम, दारू, तंबाखू, प्रक्रिया केलेलं मांस यांनी धोका वाढतो हे पक्कं आहे. पण यातलं काहीही न करणाऱ्यांनाही तो होतो आणि एकट्या माणसाच्या बाबतीत बोट ठेवून कारण सांगता येत नाही. जगात दरवर्षी १९ लाखांवर लोकांना हा आजार होतो.

वर्षभरापूर्वी तपासलं असतं तर बरं झालं असतं का? झालं असतं. नाही म्हणून तुमची समजूत काढणार नाही. तेव्हा आजार नोडपर्यंत, म्हणजे आतड्याजवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत, गेला होता की नव्हता हे मात्र आता कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून ते उगाळू नका. (इतर वाचकांनी इथे थोडं थांबावं. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकलेला बदल, कारण न सापडता कमी झालेलं लोह आणि हिमोग्लोबिन, यांना तपासणीआधीच मूळव्याध किंवा अशक्तपणा असं नाव देऊ नका. मूळव्याध असली तरी तिच्या वर आणखी काही असू शकतं. पॉलिप असतानाच सापडला तर कोलोनोस्कोपीतच वायरच्या फासाने तो कापून काढतात आणि पुढची सगळी कहाणी टळते.)

आता रिपोर्ट. 'टी ३' म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूंचा थर ओलांडून बाहेरच्या थरापर्यंत पोचली होती. 'एन १बी' म्हणजे दोन किंवा तीन नोडमध्ये पेशी सापडल्या. तुमच्याकडे १८ तपासले आणि २ निघाले. किमान १२ तपासलेले असावेत असा दंडक आहे, तेव्हा काम चोख झालंय. या सगळ्याला मिळून तिसरी स्टेज म्हणतात. त्यातला तुमचा प्रकार कमी जोखमीचा मानला जातो, आणि ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

सर्जन खोटं बोललेले नाहीत. दिसत होतं ते सगळं त्यांनी काढलंय. प्रश्न न दिसणाऱ्याचा आहे. नोड म्हणजे आतड्यातून निघणाऱ्या द्रवाच्या वाटेवरचे नाके. दोन नाक्यांवर पेशी पकडल्या गेल्या याचा अर्थ त्या घराबाहेर पडायला शिकल्या होत्या. आतड्याकडचं रक्तही सरळ यकृताकडे जातं, म्हणून हा आजार पसरला तर बहुधा आधी यकृतात सापडतो. ऑपरेशनच्या आधीच काही पेशी निसटून कुठे जाऊन बसल्या असतील, तर त्या कुठल्याच स्कॅनवर दिसत नाहीत. काही मिलिमीटरचा ठिपका दिसायलाही तिथे लाखो पेशींची वस्ती व्हावी लागते. ऑपरेशननंतरची केमो असते ती या वस्त्या वाढण्याआधी उठवण्यासाठी.

यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या स्टेजच्या शंभर जणांना केमो दिली, तर त्यातले बरेचसे ऑपरेशननेच बरे झालेले असतात, त्यांना केमोची गरजच नव्हती. काहींचा आजार केमो घेऊनही परत येतो. मधले जे उरतात त्यांचा आजार केमोमुळे टळतो. कोण कुठल्या गटातलं, हे आज रिपोर्ट पाहून सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांना देतात. हे मधले लोक मूठभर नाहीत, हे दशकानुदशकांच्या चाचण्यांतून ठरलंय. केमोने जीव जाऊच शकत नाही असं मी आत्यांना म्हणणार नाही. क्वचित तसं होतं. मी वॉर्डात पाहिलेल्या अशा बहुतेक प्रसंगांच्या मागे ताप घरीच अंगावर काढलेला होता, नाहीतर जुलाब सुरू असताना 'कोर्स पूर्ण करायचाय' म्हणून गोळ्या रेटलेल्या होत्या. आत्यांचं वाक्य बाजूला सारायचं असेल तर वाद घालू नका, थर्मामीटर आणा.

औषधं कशी चालतात ते सांगते, म्हणजे त्रास कुठून येतो ते कळेल. १९५०च्या दशकात चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या वाचनात आलं की उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल हा पदार्थ निरोगी यकृतापेक्षा जास्त ओढून घेतात. युरॅसिल हा पेशीचा कच्चा माल. त्यांनी डोकं लढवलं आणि युरॅसिलमधला हायड्रोजनचा एक अणू काढून तिथे फ्लोरिन बसवला. पेशी तो माल नेहमीचाच समजून आत घेते आणि डीएनएसाठी लागणारं थायमिन तयार करणारं तिचं यंत्र त्यात अडकून बसतं. १९५७ साली जाहीर झालेलं ते फाइव्ह-एफयू आजही आतड्याच्या कॅन्सरच्या उपचाराचा कणा आहे. बाबांच्या कॅपेसिटाबिनच्या गोळीचं शरीरात गेल्यावर टप्प्याटप्प्याने फाइव्ह-एफयूच होतं. दुसरं औषध ऑक्सॅलिप्लॅटिन. हे प्लॅटिनमचं संयुग आहे, नागोयातल्या योशिनोरी किदानी यांच्या गटाने १९७६ साली तयार केलेलं. ते डीएनएच्या पट्ट्यांना गाठी मारून ठेवतं, मग पेशीला नक्कल काढता येत नाही.

कॅन्सरची पेशी आणि भराभर विभागणारी साधी पेशी यांतला फरक या औषधांना नीट कळत नाही. म्हणून तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणारा अस्थिमगज यांना झळ बसते. तोंड येणं, जुलाब, पांढऱ्या पेशी कमी होणं हे त्यातूनच. आणि ऑक्सॅलिप्लॅटिनचा राग नसांवर असतो.

बाबांच्या बोटांचा विषय इथे सुरू होतो. ऑक्सॅलिप्लॅटिनचा त्रास दोन तऱ्हांचा. पहिला त्याच दिवशी सुरू होतो. थंड वस्तूला हात लावला की बोटांत विजेसारखी झिणझिण, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटतो. माणूस घाबरतो, श्वास अडकला असं वाटतं, पण श्वासनलिका बंद झालेली नसते आणि कोमट पाण्याचे घोट घेतले की ते उतरतं. चार-पाच दिवसांत ही तऱ्हा निवळते. तेवढे दिवस फ्रीजमधून काही काढायचं तर हातमोजा घालून आणि गार पेय बंद. (सलाईन चालू असतानाच अंगावर पुरळ उठलं, छाती दाटली, खराच दम लागला तर ते वेगळं. तिथल्या तिथे नर्सला सांगायचं.)

दुसरा त्रास चोरपावलांनी येतो. केमोच्या एका फेरीला सायकल म्हणतात. सायकलमागून सायकल औषध नसांत साठत जातं. आधी थंडीने येणाऱ्या मुंग्या पुढची सायकल आली तरी जात नाहीत. मग बोटांची टोकं बोथट होतात, जणू पातळ मोजा चढवलाय. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. खिशात हात घालून नाणं कुठलं ते कळत नाही. औषध थांबवल्यावरही हे काही महिने वाढत राहू शकतं, मग हळूहळू उतरतं, आणि काहींचं पूर्ण उतरत नाही. यावर हमखास उपाय नाही. आहे तो एकच, वेळीच ओळखून डोस कमी करणं किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून नुसत्या गोळ्यांवर पुढे जाणं. हे ओळखायची कुठलीही रक्ततपासणी आम्ही रोज वापरत नाही. पेशंट सांगतो तेव्हाच कळतं.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, हसतमुख, प्रत्येक वेळी 'एकदम झकास' म्हणायचे. सातव्या सायकलला सही करायला पेन दिलं तर ते त्यांच्या बोटांतून सुटलं. पुन्हा दिलं, पुन्हा सुटलं. विचारल्यावर कळलं, चौथ्यापासून बटणं त्यांची बायको लावत होती. औषध कशाचं आहे हे त्यांना घरच्यांनी सांगितलेलं नव्हतं. ताकदीचं औषध आहे आणि आपल्यालाच अशक्तपणा आलाय, तर तक्रार काय करायची, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबरच होता, त्यांना दिलेली माहिती चुकीची होती. मीही तीन वेळा त्यांच्या 'झकास'वर समाधान मानून डोस लिहून दिला होता, हे मला अजून टोचतं.

आता तीन की सहा. हा प्रश्न डॉक्टरांनी हवेत विचारलेला नाही. २०१८ साली सहा मोठ्या चाचण्यांमधले १२,८३४ तिसऱ्या स्टेजचे पेशंट एकत्र मोजून याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाबांच्या गटात, म्हणजे टी १ ते ३ आणि एन १ मध्ये, सलाईन अधिक गोळ्या ही पद्धत घेतलेल्यांत तीन वर्षांनंतर आजार न परतलेले लोक तीन महिन्यांच्या गटात ८५ टक्के होते, सहा महिन्यांच्या गटात ८३. म्हणजे व्यवहारात सारखेच. नसांचा त्रास मात्र सारखा नव्हता. रोजच्या कामात आडवा येईल इतका किंवा त्याहून जास्त त्रास या पद्धतीत तीन महिन्यांत १४ टक्क्यांना झाला, सहा महिन्यांत ४५ टक्क्यांना. गाठ टी ४ असती किंवा चार-पाच नोड निघाले असते तर मी हे इतक्या मोकळेपणाने लिहिलं नसतं, तिथे सहा महिन्यांचं पारडं जड आहे.

तेव्हा 'जास्त म्हणजे चांगलं' हा तुमचा अंदाज बाबांच्या रिपोर्टला लागू पडत नाही. माझं मत विचाराल तर तीन. पण माझं मत आणि तुमचं मत दोन्ही दुय्यम. एखादा म्हणेल, मला मनाला रुखरुख नको, सहाच द्या, बोटांचं बघून घेईन. असं म्हणायचा हक्क ज्याच्या हातात चिमटा आहे त्याचा. आणि हा हक्क त्यांना बजावता यावा यासाठी आधी आजाराचं नाव माहीत असायला हवं.

बाबा काही विचारत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. चाळीस वर्षं बंद पडलेली घड्याळं उघडून बिघाड शोधणारा माणूस स्वतःच्या पोटावरच्या टाक्यांकडे बघून काहीच विचार करत नसेल, हे मला पटत नाही. फाईल घरात आहे. बहुधा त्यांनी ती वाचलीय आणि तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प आहेत, तुम्ही त्यांना त्रास नको म्हणून गप्प आहात. एका घरात दोन्हीकडून राखलेलं असं मौन मी खूप पाहिलंय, आणि त्यात सर्वात एकटा पडतो तो पेशंट.

सांगायचं कसं? दादाला बरोबर घ्या, पण सगळे नातेवाईक गोळा करून सभा भरवू नका. सुरुवात प्रश्नाने करा. 'बाबा, हे ऑपरेशन कशाचं झालं असं तुम्हाला वाटतं?' मग थांबा. मध्ये बोलू नका, ते थांबणं लांबलं तरी. ते 'कॅन्सर आहे ना?' म्हणाले तर 'हो' म्हणा आणि लगेच पुढचं वाक्य जोडा, 'गाठ पूर्ण निघालीय, स्कॅनमध्ये इतरत्र काही नाही, परत येऊ नये म्हणून औषध आहे.' ते 'मला सगळं ऐकायचं नाही' म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय. त्या वेळी एवढंच विचारायचं की किती ऐकायचंय. पण मुंग्या, ताप आणि जुलाब या तीन गोष्टी लपवायच्या नाहीत, हे कबूल करून घ्या. आधी खोटं बोललो त्याची माफी मागायची असेल तर मागा, पण छोटी. ती मोठी झाली तर त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागेल.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराच. पहिली, डीपीडी तपासणी. फाइव्ह-एफयूचा निचरा करणारं हे विकर काही लोकांत जन्मतः कमी असतं. अशांना नेहमीचाच डोस जीवघेणा ठरू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली ही तपासणी आधी करायची शिफारस केली. अजून सगळीकडे आपणहून करत नाहीत, म्हणून तोंडाने मागा. दुसरी, बाबा घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी दाखवा, अगदी व्हिटॅमिनच्या गोळ्यांसकट. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनशी आणि फिट्सच्या फेनिटॉइनशी कॅपेसिटाबिनचं जमत नाही, फॉलिक ॲसिडने त्याचा त्रास वाढतो. कोणी आणून दिलेले काढे आणि चूर्णंही त्याच यादीत लिहा. त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध मी इथे बोलत नाही, डॉक्टरांपासून लपवायची नाहीत एवढंच.

सायकल २१ दिवसांची. पहिल्या दिवशी सलाईन, साधारण दोन तास आणि मागचं-पुढचं धरून अर्धा दिवस. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस. मग ७ दिवस सुट्टी. अशा चार सायकल म्हणजे तीन महिने. ऑपरेशनला महिना झालाय, आठ आठवड्यांच्या आत सुरुवात झालेली बरी, तेव्हा बोलायला वेळ आहे पण फार नाही.

ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसला पोचला, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन. आधी तापाची गोळी देऊन 'बघू उतरतो का' हे करायचं नाही, गोळीने आकडा उतरतो, जंतू तिथेच राहतात. रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले, किंवा तोंड इतकं आलं की घास जाईना, तर कॅपेसिटाबिनची पुढची गोळी न घेता फोन. तळहात-तळपाय लाल होऊन भाजल्यासारखे दुखायला लागले तरी तेच. हा या गोळीचा नेहमीचा त्रास, सुरुवातीपासून क्रीम लावत राहिलं आणि घट्ट चपला टाळल्या तर पुष्कळ आटोक्यात राहतो. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरून काढू नये. केसांचं लोक पहिलं विचारतात. या दोन औषधांनी ते विरळ होतात, टक्कल बहुधा पडत नाही. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो असं कोणी सांगेल, ऐकून सोडून द्या. या काळात वजन घटू न देणं जास्त महत्त्वाचं.

चालायला मात्र लावा. २०२५ साली ८८९ जणांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. आतड्याच्या कॅन्सरची केमो संपलेल्यांपैकी अर्ध्यांना तीन वर्षं पाठपुरावा करून व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना आरोग्याची पुस्तिका दिली. पाच वर्षांनंतर व्यायामवाल्या गटात आजार न परतलेले ८० टक्के, पुस्तिकावाल्या गटात ७४. एखाद्या औषधाने हा फरक पाडला असता तर त्याच्या जाहिराती लागल्या असत्या. तो व्यायामही जिमचा नव्हता, बहुतेकांसाठी भरभर चालणंच. पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी, ठरलेल्या अंतराने स्कॅन आणि वर्षाने पुन्हा कोलोनोस्कोपी, हे वेळापत्रक डॉक्टर देतीलच.

राहिला तुम्हा भावंडांचा प्रश्न. बाबांच्या गाठीवर एमएमआर तपासणी झालीय का ते रिपोर्टमध्ये शोधा. नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची ती तपासणी. चारही शाबूत असतील तर लिंच सिंड्रोम हा घराण्यात उतरणारा प्रकार असण्याची शक्यता बरीच कमी होते. १८९५ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरला सांगितलं होतं, आमच्या घरात सगळे कॅन्सरने जातात, मीही तशीच जाईन. त्याने तिची वंशावळ काढून १९१३ साली छापली. ती बाई खरोखर गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. त्या घराण्यात नेमकं काय बिघडलं होतं, हे कळायला शतक उलटावं लागलं. आज ते उत्तर गाठीच्या एका तुकड्यातून काही दिवसांत मिळतं, म्हणून तपासणी झाली नसेल तर करून घ्या. गाठीचा नमुना प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो.

ती नॉर्मल असली तरी सख्ख्या नात्यात एकाला हा आजार झाला म्हणजे तुमची पहिली तपासणी चाळिशीत व्हायला हवी. दादा ४१चा आहे, त्याने बाबांच्या केमोचं निमित्त सांगून पुढे ढकलू नये, याच महिन्यात कोलोनोस्कोपीची वेळ घ्यावी. तुम्ही चाळीस पूर्ण होताच. रक्त दिसलं तर वयाची वाट न बघता. एमएमआरमध्ये काही बिघाड निघाला तर हे सगळं आणखी अलीकडे येईल आणि मग जनुकीय सल्लागाराला भेटा.

शेवटी घरी करायचं एक काम. बाबांशी बोलून झालं की पहिल्या सलाईनच्या आदल्या दिवशी त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा. डोळ्याला भिंग लावून सगळ्यात बारीक दहा स्क्रू चिमट्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगा आणि किती सेकंद लागतात ते त्यांच्याच घड्याळावर मोजा. आकडा वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकून लिहा. मग प्रत्येक सायकलच्या आदल्या संध्याकाळी तेच स्क्रू, त्याच वाट्या, खाली नवा आकडा. वही डॉक्टरांच्या टेबलावर बाबांनी स्वतः ठेवायची.